लपायला एक कोपरा ठेवा

प्रति,
सातारा आणि सांगली जिल्ह्यांत कृषी पर्यटन केंद्र किंवा घरचं छोटं प्राणी उद्यान चालवणाऱ्या सर्व मंडळींना

सप्रेम नमस्कार.

मी पशुवैद्यक आहे. कोरेगाव-खटाव पट्ट्यात माझं काम गायी-म्हशी, शेळ्या-मेंढ्या आणि शर्यतीच्या बैलांचं. अलीकडे मात्र वेगळेच फोन येतात. कुणाचा मकाव (मोठा परदेशी पोपट) छातीची पिसं उपटतोय, कुणाचा इग्वाना (मोठा परदेशी सरडा) खात नाही, कुणाचं खारीएवढं शुगर ग्लायडर मरगळून पडलंय. फोन करणारा माणूस कळवळून बोलत असतो. त्याला त्या प्राण्याचा लळा असतो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. म्हणूनच हे पत्र तुमच्याविरुद्ध लिहिलेलं नाही, तुम्हाला उद्देशून लिहिलं आहे.

तुम्ही हे प्राणी का आणता तेही मला ठाऊक आहे. हुरडा, चुलीवरची भाकरी, बैलगाडीची फेरी आता सगळीकडेच मिळते. पुण्याहून आलेलं कुटुंब फोनवरच विचारतं, "मुलांसाठी काय आहे?" शेजारच्या केंद्रात पांढरा कोकाटू आला की तुम्हालाही काहीतरी आणावंसं वाटतं. आपला देशी पोपट पाळायला कायद्यानं बंदी. देशी पक्ष्यांचा व्यापार १९९०-९१ पासून बंद आहे, आणि ते योग्यच आहे. मग दलाल परदेशी पक्षी आणि सरडे घेऊन दारात येतो. "याला कायदा लागत नाही" हे त्याचं पहिलं वाक्य, आणि "याला फार काही लागत नाही" हे दुसरं. ही दोन्ही वाक्यं खोटी आहेत.

मध्यंतरी घरच्या मुलांना घेऊन वाईच्या बाजूच्या अशाच एका उद्यानात गेलो होतो. नाव लिहीत नाही, कारण तिथे जे पाहिलं ते अनेक ठिकाणी आहे. जागा स्वच्छ होती, मालक-मालकीण दोघंही दिवसभर राबत होते. सगळ्यात मोठी रांग बॉल पायथनपाशी होती. मालकांचा कॉलेजात जाणारा मुलगा तो अजगर एकेकाच्या हातावर द्यायचा. हातावर आला की तो अंग आवळून गोळा व्हायचा आणि डोकं वेटोळ्यांच्या मधोमध खुपसायचा. "बघा किती शांत आहे, काही करत नाही," असं तो मुलगा प्रत्येक पोराला कौतुकानं सांगत होता.

पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला हा अजगर घाबरल्यावर नेमकं हेच करतो. पळायला वाट नसली की तो डोकं लपवतो आणि संकट टळायची वाट पाहतो. आपला नाग फणा काढतो, घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते, म्हणून त्यांची भीती आपल्याला ओळखता येते. या अजगराची भीती गप्प असते. त्या दुपारी तो एका हातावरून दुसऱ्या हातावर गेला आणि प्रत्येक वेळी पुन्हा तसाच आवळला गेला. रांगेतल्या कुणालाच त्यात वावगं दिसलं नाही. दिसणार कसं? समोरचा माणूस प्रेमानं सांगत होता की तो शांत आहे.

तुम्ही शेतकरी आहात. जनावर बुजलं की तुम्हाला लगेच कळतं. कान मागे जातात, डोळ्यांचं पांढरं दिसू लागतं, नवा माणूस धारेला बसला तर गाय दूध चोरते. ही नजर पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. परदेशी प्राण्यांच्या बाबतीत ती उपयोगी पडत नाही, कारण त्यांचं बुजणं आपल्या ओळखीचं नाही. हेजहॉग काटे फुलवून गोळा होतो तेव्हा पोरं टाळ्या वाजवतात. शुगर ग्लायडर हातात घेतल्यावर घरघरल्यासारखा आवाज काढतो तेव्हा "बोलतोय" म्हणतात. दोन्ही निशाचर. दुपारी बारा वाजता त्यांची झोप मोडून त्यांना उन्हात आणलेलं असतं.

माझं मुख्य मागणं यातूनच येतं. प्रत्येक पिंजऱ्यात लपायला एक जागा ठेवा. पेटी, पोकळ ओंडका, मातीचा पालथा माठ, दाट पाल्याचा आडोसा, जे त्या प्राण्याला मानवेल ते. तो तिथे जाऊन बसला की त्याला तिथून कुणीही बाहेर काढायचं नाही. पाहुण्यानं कितीही आग्रह केला तरी नाही. "तिकीट काढलंय, दाखवा की" म्हटलं तरी नाही. आणि अंगावर प्राणी घेऊन फोटो काढणं सरसकट बंद करा.

यानं धंद्यावर परिणाम होईल अशी तुम्हाला धास्ती वाटेल, ती मी समजू शकतो. पण आपल्याच भागात पाहा. कडेगाव, पलूस आणि वाळवा तालुक्यांच्या शिवेवरचं सागरेश्वर अभयारण्य हे माणसांनी उभं केलेलं. उघडेबोडके डोंगर होते. धों. म. मोहिते यांच्यासारख्या माणसानं ध्यास घेतला, वनखात्यानं झाडं लावली, चितळ-सांबर आणून सोडली आणि १९८५ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटर, भोवती कुंपण. तिथे गेलेल्या माणसाला दर वेळी सांबर दिसतंच असं नाही. कधी नुसत्या लेंड्या, कधी चिखलातले खूर, कधी झाडीआड हललेलं शेपूट. तरी माणसं जातात, मुलांना नेतात, आणि दिसलं तर घरी येऊन चार जणांना सांगतात. बत्तीस शिराळ्यातही उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जिवंत नागांचे खेळ थांबले. गावाला ते जड गेलं, पण नागपंचमीची पूजा आणि श्रद्धा टिकून राहिली. आपल्या माणसांना समजावून सांगितलं तर ती समजून घेतात. गाईडनं दोन मिनिटं खर्चून "तो आत झोपलाय, संध्याकाळी बाहेर येईल, तोवर त्याची ही कात पाहा" म्हणायला हवं.

आता इग्वानाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण हे दुखणं मी सगळ्यात जास्त पाहतो आणि ते पूर्णपणे टाळता येतं.

त्याच उद्यानात मालकांनी ओळखून मला बाजूला नेलं आणि काचेच्या पेटीतला हिरवा इग्वाना दाखवला. हातभर लांबीचा. मागचे पाय वाकडे, चालताना पोट फरशीला घासत होतं, बोटं थरथरत होती. खालचा जबडा मी बोटानं हलकेच दाबला तर तो लवला. हाड तिथे कठीण असायला हवं होतं. विलेल्या म्हशीला कॅल्शियम कमी पडलं की ती बसते, मान पोटाकडे वळवते, आणि आम्ही शिरेतून कॅल्शियम दिलं की तासाभरात उठते. ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. इग्वानाचं दुखणंही कॅल्शियमचंच, पण ते महिनोन्‌महिने हळूहळू साचतं. रक्तात कमी पडलेलं कॅल्शियम शरीर हाडांतून ओढत राहतं, आणि एकदा वाकलेलं हाड बाटली लावून सरळ होत नाही.

कारण साधं आहे. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला हा सरडा झाडाच्या शेंड्यावर उन्हात पसरून राहणारा. उन्हातले अतिनील किरण अंगावर पडले तरच त्याच्या शरीरात ड जीवनसत्त्व तयार होतं, आणि ते असेल तरच खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागतं. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात हे किरण जवळजवळ उरत नाहीत. म्हणजे पेटी खिडकीशी ठेवून भागत नाही. त्याला रोज उघड्यावरचं ऊन हवं, शेजारी सावली हवी, नाहीतर हे किरण देणारा खास यूव्हीबी दिवा हवा. तो दिवा वर्षभरात निकामी होतो. प्रकाश पडत राहतो, पण उपयोगाचे किरण संपलेले असतात. बसायच्या फांदीवर पस्तीस अंशांच्या आसपास ऊब लागते. पाचगणी-वाईच्या बाजूला जानेवारीत रात्री पारा किती उतरतो ते मी तुम्हाला सांगायला नको. त्यात वीज गेली की दिवा बंद. थंडीनं आखडलेला सरडा पोटातलं अन्न पचवू शकत नाही, ते आत तसंच सडतं. तेव्हा इन्व्हर्टर पाहुण्यांच्या खोलीला जोडण्याआधी या पेटीला जोडा.

खुराकाचंही तसंच. त्या इग्वानापुढे पालक आणि काकडी होती. पालकात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम धरून ठेवतं आणि अंगी लागू देत नाही. तुमच्या बांधावर शेवगा आहे, दारात जास्वंद आहे, काहींकडे रेशीमसाठी तुती आहे. ही पानं द्या, लाल भोपळा द्या. विकत आणावं लागणार नाही. आणि तो आज हातभर असला तरी नीट जगला तर पाच फुटांपर्यंत जातो, हे पेटीचं माप ठरवताना ध्यानात घ्या.

मकाव. निळा-पिवळा, दिसायला देखणा, म्हणून बहुतेक केंद्रांत तोच दारात बसवलेला असतो. त्या वाईकडच्या उद्यानातला उभ्या दांड्यावर बसला होता, उडता येऊ नये म्हणून पंखांची पिसं कापलेली, छातीवर हाताच्या पंजाएवढा भाग उघडा. मालकीणबाई जवळ आल्या तशी त्यानं मान खाली घातली आणि त्यांनी ती खाजवली. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, चमच्यानं भरवून वाढवलाय. पोरासारखा आहे." खरं आहे ते. त्या बाजूला गेल्या की तो ओरडायचा आणि स्वतःचं पीस उपटायचा.

हा पक्षी रानात जोडीदारासोबत राहतो, थव्यात उडतो, दिवसाचा मोठा भाग अन्न शोधण्यात आणि लाकूड कुरतडण्यात घालवतो. यातलं काहीच नसलं की त्याची चोच स्वतःच्या अंगाकडे वळते. मलम लावून ते थांबत नाही. त्याला कडुलिंबाची, बाभळीची ताजी फांदी रोज द्या, ती सोलून त्याचा चुरा करू द्या. अन्न वाटीत न देता नारळाच्या करवंटीत, मक्याच्या कणसात लपवून द्या. नुसत्या सूर्यफुलाच्या बिया म्हणजे चरबी आणि अ जीवनसत्त्वाचा दुष्काळ. गाजर, रताळं, पालेभाजी, थोडी फळं द्या. चॉकलेट, चहा, खारट वेफर आणि अ‍ॅव्हाकाडो कधीच नाही. आणखी एक, जे आपल्याकडेच घडतं. चुलीचा धूर ज्या बाजूला जातो त्या बाजूला पक्ष्यांचे पिंजरे असतात. पक्ष्याची फुप्फुसं धूर सोसत नाहीत. चूल हलवा किंवा पिंजरे हलवा.

त्याहून मोठा प्रश्न वयाचा आहे. मकाव पन्नास वर्षं सहज जगू शकतो. तुमचं वय आज पंचेचाळीस असेल तर तो तुमच्या मुलांच्या वाट्याला येणार. जमिनीच्या वाटण्या करताना गायी कुणाकडे, विहिरीचं पाणी कुणाला किती हे आपण बसून ठरवतो. मकाव कुणाकडे जाणार हे घरात विचारलंय का? मुलगा पुण्यात नोकरीला, सून म्हणते आमच्या फ्लॅटमध्ये नाही चालणार. मग तो पक्षी पुन्हा त्याच दलालाकडे जातो. इमूपालनाचं काय झालं ते आठवा. २०१२ च्या सुमारास तो फुगा फुटला आणि दुष्काळात गुरांना वैरण नसताना इमूंना कोण घालणार, म्हणून किती पक्षी उपाशी मेले. ते पाहिलेली माणसं अजून आपल्यात आहेत.

मार्मोसेट माकडं ठेवणाऱ्यांसाठी एकच गोष्ट, पण ती फार महत्त्वाची. तापानंतर माणसाच्या ओठावर जे पुरळ उठतं, त्याचा विषाणू आपल्याला आठवडाभर त्रास देतो. मार्मोसेटचा त्यानं जीव जातो. पाहुण्यांच्या तोंडाजवळ ते माकड नेऊच नका. उलट बाजूही आहे: सरडे-कासवांच्या अंगावरून साल्मोनेला या जंतूमुळे होणारे जुलाब, आणि पोपटवर्गीय पक्ष्यांच्या विष्ठेच्या धुळीतून सिटॅकोसिस हा फुप्फुसाचा आजार माणसाला होऊ शकतो. पिंजरे झाडताना पाणी शिंपडा, तोंडाला फडकं बांधा, आणि हात धुवायचा नळ जेवणाच्या मांडवाआधी ठेवा.

कागदपत्रांबद्दल बरीच चुकीची समजूत आहे म्हणून स्पष्ट लिहितो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २०२२ च्या दुरुस्तीनं वन्यजीवांच्या व्यापाराबद्दलच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराखालचे परदेशी प्राणीही त्यात आले आणि ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. नोंदणीचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाले. नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश या ऑनलाइन पोर्टलवर होते, आणि आधीपासून असलेल्या प्राण्यांसाठी सहा महिन्यांची मुदत होती. मकाव, आफ्रिकन ग्रे पोपट, कोकाटू, इग्वाना, बॉल पायथन, मार्मोसेट हे सगळे त्यात येतात. बजरीगर आणि कॉकाटील हे छोटे पोपटवर्गीय पक्षी येत नाहीत. जन्म, हस्तांतर आणि मृत्यू, सगळं कळवायचं असतं. पण ही नोंदणी म्हणजे "हा प्राणी माझ्याकडे आहे" एवढंच सांगणं. भिंतीवर तो कागद फ्रेम करून लावला म्हणून प्राणिसंग्रहालय चालवायची परवानगी मिळत नाही. त्यासाठी केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागते, आणि मान्यता मिळालेली जागा आठवड्यातून एक दिवस प्रेक्षकांना बंद ठेवावी लागते. तुमच्या केंद्राला काय लागू होतं ते वनविभागाकडून लेखी विचारून घ्या. आणि तो बंद दिवस, नियम लागू असो नसो, आजपासून पाळा. सोमवारी बंद ठेवलं तर शनिवार-रविवारच्या गर्दीनंतर प्राण्यांना विसावा मिळेल.

वनविभागाच्या अधिकाऱ्यांनाही इथेच एक विनंती. ऑनलाइन अर्ज भरताना माणसं अडतात आणि कारवाईच्या भीतीनं गप्प बसतात. तालुक्याच्या ठिकाणी एक दिवस बसून अर्ज भरून घेतलेत तर कोणाकडे काय आहे ते तुम्हालाही कळेल.

लाल कानाचं छोटं कासव, जे शुभ म्हणून विकतात, त्याबद्दल. ते उत्तर अमेरिकेतलं. नाण्याएवढं आणता, काही वर्षांत ताटलीएवढं होतं, टाकीत मावत नाही. मग कृष्णेत किंवा गावच्या तळ्यात सोडतात आणि पुण्य केल्याचं समाधान मानतात. ते तिथे जगतं, वाढतं, आणि आपल्या देशी कासवांचं अन्न आणि ऊन घ्यायची जागा बळकावतं. कोणताही परदेशी प्राणी, कितीही दया आली तरी, मोकळा सोडू नका.

नदीकाठच्यांनी आणखी एक तयारी ठेवायला हवी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेनं सांगलीत आणि काठच्या गावांत काय केलं ते तुम्ही भोगलंय. पाणी चढलं तेव्हा लोकांनी दावी कापली आणि गुरं उंचावर काढली. पिंजऱ्याचं दावं कापता येत नाही. कुलपाच्या किल्ल्या कुणाकडे आहेत, कोणता प्राणी कोणत्या खोक्यात न्यायचा, खोकी आहेत का, आणि उंचावरचं कोणतं घर त्यांना ठेवून घेईल हे पावसाळ्याआधी ठरवून ठेवा.

आजारी प्राण्यासाठी शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा. आमचं शिक्षण मुख्यतः गुराढोरांचं. जवळचा डॉक्टर "दोन दिवस बघू" म्हणाला तर वाट पाहू नका. पक्षी आणि सरडे आजार शेवटपर्यंत लपवतात. तुम्हाला मलूल दिसतो तेव्हा तो आधीच बराच आजारी असतो.

ज्यांच्याकडे अजून परदेशी प्राणी आलेले नाहीत त्यांनी ते आणू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. खिलार खोंड, माडग्याळी मेंढी, रवंथ करणारी म्हैस, अंड्यांवर बसलेली गावठी कोंबडी हे शहरातल्या मुलानं पाहिलेलं नसतं, आणि त्यांच्याबद्दल सांगायला तुमच्याइतकं जाणतं कुणी नाही. ज्यांच्याकडे परदेशी प्राणी आहेत त्यांनी नवे घेणं थांबवावं आणि आहेत त्यांना शेवटपर्यंत नीट सांभाळावं. घरचं उद्यान असण्याचा एक मोठा फायदा तुमच्याकडे आहे: तुम्ही चोवीस तास तिथेच राहता. कोणत्या प्राण्यानं काल किती खाल्लं हे तुम्हाला वही न उघडता सांगता येतं.

तरी वही घालाच. दिवाळीच्या सुट्टीची गर्दी सुरू होण्याआधी मी या भागातल्या ज्या केंद्रांतून बोलावणं येईल तिथे स्वतःच्या खर्चानं येईन. फी नको, फोटोही नको. मी येईपर्यंत वहीत एवढं लिहून ठेवा: कोणते प्राणी, किती, रोजचा खुराक, पिंजऱ्याची लांबी-रुंदी-उंची, आणि पहाटे पाच वाजता पिंजऱ्यात किती तापमान असतं ते. पाहणीला तिथूनच सुरुवात करू.

कळावे,
आपला,
एक पशुवैद्यक
कोरेगाव, जि. सातारा